मावळतीकडचं माहेर

आई, वाघोली नव्हती. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही मध्येमध्ये न बोलता ऐकाल. एरवी तुम्ही मला एक वाक्य धड पूर्ण करू दिलं असेल तर शपथ.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. भेटायला येणारी माणसं थांबली, लोकांचे डबे घासून परत गेले, संजय पुन्हा ऑफिसला जायला लागला. मला मात्र जेवायच्या सुट्टीत अजून दाराकडे बघायची सवय आहे. त्या वेळेला तुम्ही यायच्या. कोथरूडहून बसने, नऊवारीचा ओचा सावरत, हातात डब्याची पिशवी घेऊन. आमच्या ग्रंथालयाच्या दारात 'शांतता राखा' अशी पाटी आहे, नेमकं तिच्याखाली उभं राहून तुम्ही मोठ्यानं विचारायच्या, "आमच्या सूनबाई हायेत का आत?" वाचणारी सगळी डोकी वर व्हायची. पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नंतर नंतर तुम्ही आला नाहीत की तीच डोकी मला विचारायची, आज आई नाही आल्या?

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा संदर्भ विभागातल्या उंच कपाटांकडे बराच वेळ बघत राहिलात. मग हळू आवाजात, जो तुमचा हळू आवाज होता त्या आवाजात, मला विचारलंत, "एवढ्या पुस्तकांत माणसं गावतात का गं? मेल्याली?"

"कुठली माणसं?"

"माझी आज्जी."

आपल्या शेतावर सोसायटी उभी राहून तेव्हा थोडेच दिवस झाले होते. बाबा गेलेले, जमीन गेलेली, तुमचा हात रिकामा झालेला. मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून काहीतरी काढलंय. मी गंमत म्हणून जुनं गॅझेटियर तुमच्यासमोर ठेवलं आणि तुमच्या माहेरच्या गावाचं, मांजरीचं, पान उघडून दिलं. तुम्ही सातवी शिकलेल्या, ते इंग्रजीत. मी वाचून अर्थ सांगत गेले. सगळं ऐकून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "ह्यात कलेक्टर हाय, पाटील हाय, ऊस हाय, नदीच्या पाण्याची चव सुदिक हाय. बाई कुठं हाय?" गंमत तिथंच संपली.

मग डबा खायला आपण मागच्या पायऱ्यांवर बसलो आणि तुम्ही मला आजी सांगितलीत. तुमच्या वडलांची आई. मांजरीच्या वस्तीवर तिनंच तुम्हाला वाढवलं. सगळ्या गावात तिला एकच नाव, 'नदीपलीकडची'. लहानपणीच लग्न होऊन मांजरीला आली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत प्लेगाच्या साथीत तिच्या माहेरी दिवा लावायला कुणी उरलं नाही. तुमच्या वडलांना मामा नव्हता, मामाचा गाव नव्हता. आणि ज्या बाईचं माहेर बुडालं तिच्यापुढे त्या गावाचं नाव काढायचं नाही, ही तुमच्याकडची रीत. दुसऱ्यांनी काढायचं नाही आणि तिनंही काढायचं नाही. मुलानं विचारलं नाही, सुनेनं विचारलं नाही, नातीनं विचारलं नाही. रीत सगळ्यांनी इतकी नीट पाळली की गाव हरवलं.

तुम्हाला ते का शोधायचं होतं, हे मात्र कळायला वेळ लागला. ते तुम्ही एकदा पावट्याच्या शेंगा सोलताना सांगितलंत, माझ्याकडे न बघता.

"दोन स्थळं आल्ती. एक गावातलंच, एक लोणीचं. दोन्ही चांगली. आज्जीनं दोन्ही मोडली. म्हन्ली, पोर कोथरूडला द्यायची. माझं वडील म्हन्ले, आगं एवढ्या लांब? तिथं आपलं कोन हाय? तर म्हन्ली, द्यायची म्हंजे द्यायची." शेंगांचा ढीग पुढे सरकवलात. "सगळ्यांत लाडकी मी. आन मलाच सगळ्यांत लांब टाकली."

पाठवणीला आजी रडली नव्हती. बैलगाडीच्या चाकाला हात लावून नुसती उभी होती. पुढच्या पावसाळ्यात ती गेली आणि नदीला पाणी होतं, रस्ते वाहून गेले होते, तुम्हाला पोचता आलं नाही. विचारायचं होतं ते विचारायचं राहून गेलं. "आता तिला तर इचारता येत न्हाय," तुम्ही म्हणालात, "पर कुठल्या मुलखातली बाई होती, एवढं काळीज घट्ट करनारी, ते तरी बघू."

तेव्हापासून मी तुमच्यासोबत शोधायला लागले. सून म्हणून नाही, आई. मला खरंच ते जाणून घ्यायचं होतं.

'नदीपलीकडची' म्हणजे कुठली, यात तुम्हाला शंकाच नव्हती. मांजरीच्या वेशीला खेटून मुळा-मुठा वाहते, आणि पलीकडच्या अंगाला पुढे वाघोली. मांजरीत निम्म्या सुना तिकडच्याच. म्हणून आपण वाघोलीला जात राहिलो. नगर रोडवरच्या त्या धुरळ्यात उतरायचं, नवनव्या इमारतींच्या मधून गावठाण शोधायचं, आणि पारावर जो सगळ्यांत म्हातारा दिसेल त्याच्यासमोर तुम्ही पदर सावरून बसायचं. एका आजोबांना तुम्ही विचारलंत, प्लेगात बसलेलं घर कुठलं. ते म्हणाले, "आक्का, समदीच बसली हुती. तुमचं कोन्तं, ते तुमीच सांगा." दुसऱ्या एकानं आपल्याला जागा विकत घ्यायला आलेल्या बायका समजून सरबत पाजलं आणि खरं कळल्यावर त्याचा चेहरा इतका पडला की तुम्ही रस्ताभर हसत होतात. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, काय झालं मावशी? तुम्ही म्हणालात, "काय न्हाय, मेल्याली माणसं हुडकतोय." त्यानं निमूट तिकीट फाडलं.

दर वेळी रिकाम्या हातानं परत यायचो. पण मला त्या परतीच्या वाटा आवडायच्या. तुम्ही मांजरीला उतरायचा हट्ट धरायचात. उसाच्या फडाच्या कडेनं नदीवर जायचं आणि पलीकडचा काठ बघत बसायचं. ऊस हलत असायचा, पाणी हलत नसायचं. अशा वेळी मला वाटायचं, आत्ता पलीकडच्या झाडीतून एक लहान मुलगी नेसूचं वर खोचून पाण्यात उतरेल आणि आपल्याला विचारेल, तुम्ही कुणाकडच्या? आणि आपल्याला सांगता येणार नाही.

मी पेठेतली. मला दिशा कळत नव्हत्या. डावीकडे, उजवीकडे, अमक्या दुकानासमोर, एवढंच कळायचं. तुम्ही मला उगवत-मावळत शिकवलीत. संध्याकाळी सोसायटीत फेऱ्या मारताना तुम्ही सांगायच्या, इथं हुरड्याचं शेत होतं, बी विंगच्या जिन्याखाली बांध, आणि गाड्या लावतात तिथं विहीर. आज मी स्कूटर लावते तेव्हा खाली पाणी आहे असं वाटतं. कधीकधी ग्रंथालयातून घरी येताना, ऊन कलतं झालं असलं की, कर्वे रस्त्यावरच्या दुचाकींचा आवाज हळूहळू विरत जातो आणि दोन्ही बाजूंना जोंधळा उभा राहतो. मग कुणीतरी मागून हॉर्न मारतं. हे वेड तुमचं. मी ते परत करणार नाही.

पण नकाशाच्या बाबतीत तुम्ही माझं कधीच ऐकलं नाहीत. आमच्याकडे पुणे आणि आसपासच्या गावांचा एक जुना मोठा नकाशा आहे, कापडावर चिकटवलेला. मी तो टेबलावर पसरायचे आणि तुम्ही लगेच फिरवायच्या.

"आई, नकाशात उत्तर वर असते."

"कुनी ठरवलं?"

"सगळ्या जगानं."

"जग झोपत असंल वरती डोकं करून. मानूस सकाळी उठला की उगवतीकडं तोंड करतो. वर उगवती पायजे."

उगवती वर केली की नकाशातली सगळी अक्षरं आडवी व्हायची. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुम्ही अक्षरं वाचायच्याच नाहीत, ओढे वाचायच्या. बोट ठेवून सांगायच्या, हा ओढा आटतो, ह्याला बारमाही पाणी, इथनं बैलगाडी जायची न्हाय. मी पुस्तकातून पडताळून बघायचे, तर बहुतेक वेळा बरोबर असायचं आणि एकदोनदा साफ चुकलेलं. चुकलेलं दाखवलं की तुम्ही म्हणायच्या, छापणाऱ्याची चूक असंल.

आणि मग ती ओवी. ती तुम्हाला येते हे तुम्ही मला किती उशिरा सांगितलंत! दळताना आजी म्हणायची ती. तुम्ही स्वयंपाकघरात कणीक मळता मळता गुणगुणत होतात, आणि मी गॅस बंद करून तुम्हाला पुन्हा म्हणायला लावली.

सकाळी निघाले, ऊन माझ्या पाठीवरी
नदीच्या उताराला, दिवा लागे माहेरी

उतार म्हणजे पायी नदी ओलांडायची जागा, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. मी त्या दोन ओळी कितीतरी दिवस मनात घोळवत होते. मग तुमच्या आजारपणाच्या थोडं आधी, चहा पिताना, मी बोलून गेले, "आई, ही वाघोलीची वाट नाही."

तुम्ही कप खाली ठेवलात.

मी म्हणाले, "बघा ना. मांजरीहून वाघोलीला निघालं तर नदी लगेच लागते. वेशीवरच. ओवीत नदी लागते तेव्हा संध्याकाळ झालीय. दिवसभर चालून नदी येते, आणि नदी आली की माहेर दिसतं. आणि सकाळचं ऊन पाठीवर म्हणजे ती मावळतीकडे चाललीय. वाघोलीला जाताना ते उजव्या गालावर असतं. हे तुम्हीच शिकवलंत मला."

तुम्ही इतक्या चिडाल असं मला वाटलं नव्हतं. "ओवी जात्यावरची हाय," तुम्ही म्हणालात, "सातबारा न्हाय!" आणि उठून गेलात. मला नंतर कळलं, मी तुमच्या हातून नदीचा तो काठ काढून घेत होते. इतकी वर्षं त्या काठाकडे बघत बसण्यात जे काही तुम्हाला मिळत होतं, तेही.

नंतर तुम्ही एकदाच तो विषय काढलात, दवाखान्यात. आजी तिन्हीसांजेला दिवा लावला की मावळतीकडे तोंड करून हात जोडायची, हे तुम्ही आढ्याकडे बघत बोललात. गावात सगळे उगवतीला हात जोडतात आणि ही एकटी मावळतीला. तुम्हाला तो तिचा तऱ्हेवाईकपणा वाटायचा. "तू म्हनतीस तसं आसंल बी," असं म्हणून तुम्ही डोळे मिटलेत. तुम्ही माझं म्हणणं मान्य केलेलं ते पहिलं आणि शेवटचं. मी तेव्हा तुमची चादर नीट करत होते. थांबायला हवं होतं, विचारायला हवं होतं, असं आता वाटतं. पण तेव्हा नर्स आली, आणि मग दिवस असे गेले की विचारायला कुणी उरलं नाही.

तेरावा झाल्यावर मी कामावर गेले. पहिल्याच दिवशी तो नकाशा काढून टेबलावर पसरला. काही शोधायचं म्हणून नाही. तुम्ही तिथं बसायच्या म्हणून. आधी तुमच्यासारखी उगवती वर केली. मग वाटलं, ती तर उगवतीकडे पाठ करून चालली होती. नकाशा आणखी फिरवला. मांजरी माझ्या पोटाशी आली आणि मावळती वर. दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर पडलं होतं, पंखा सावकाश फिरत होता, समोरचे एक गृहस्थ वर्तमानपत्रावर मान टाकून झोपले होते. मी बोट ठेवलं आणि चालायला लागले.

मांजरी. हडपसर. मग माळ. लष्कराच्या छावणीच्या खालच्या अंगानं, पेठांना वळसा घालून, आंबील ओढा उतरून. बैलगाडीची वाट बारीक तुटक रेघेनं दाखवली आहे. ती पुढे जाते आणि मुठा नदीला लागते, आणि तिथं उताराची खूण आहे. तोवर एक अख्खा दिवस गेलेला असणार. बोट नदीतून पलीकडे नेलं. पलीकडे, आडव्या झालेल्या बारीक अक्षरांत, कोथरूड लिहिलं होतं.

आई, मी हसले. झोपलेले गृहस्थ जागे झाले. पण मला लगेच तुमचा आवाज ऐकू आला, सातबारा न्हाय म्हणून. खरंच होतं ते. नदीच्या त्या काठाला एरंडवणं आहे, हिंगणे आहे, पुढे आणखी गावं आहेत. रेघेवरून माहेर ठरत नाही.

म्हणून रविवारी आपल्या कोथरूडच्या गावठाणात गेले, तान्हूबाईंकडे. म्हातोबाच्या देवळाजवळच्या तान्हूबाई, ज्यांच्याबरोबर तुम्ही सगळा जन्म हळदीकुंकू केलंत आणि लोणच्याच्या बरण्या भरल्यात. नव्वदीच्या झाल्या, ऐकू कमी येतं, पण आठवण लख्ख आहे. मी विचारलं, प्लेगात गावातलं एखादं घर पुरतं बसलं होतं का?

"एखांदं? वरची आळी मोकळी झाली हुती," त्या म्हणाल्या. "माझी सासू सांगायची. समदी मानसं माळावर खोपटी करून राह्यली. साथ गेल्यावर आली माघारी. पर कडंचं एक घर हुतं, त्यातलं कुनीच आलं न्हाय. एक लेक तेवढी वाचली."

"ती कशी वाचली?"

"आधीच दिल्याली हुती ना. पार उगवतीकडं. मांजरीला."

मी मांजरीचं नाव काढलं नव्हतं, आई. तुमची शपथ, मी काढलं नव्हतं.

"मग ती पुन्हा आली नाही कधी?"

"आल्ती म्हनं येकदा, दिराला घिऊन. पर साथीत गावात कोन येऊ देतंय? नदीवरनंच माघारी गेली." मग त्यांनी माझ्याकडे बारीक डोळे करून बघितलं. "का गं? तुज्या सासूला इचारायचं हुतंस की, हुती तवा. ती बी मांजरीचीच."

मी त्यांना सगळं सांगितलं. तुम्हाला त्यांनी कधी विचारलं नाही, कारण बुडालेल्या माहेराचा विषय. तुम्ही त्यांना कधी विचारलं नाहीत, कारण तुमची आजी वाघोलीची. दोघी शेजारी बसून गहू निवडत होतात आणि उत्तर तुमच्या दोघींच्या मध्ये पडलं होतं. मला तुमच्या दोघींचा राग आला, आणि त्या रागातच रडू आलं. तान्हूबाईंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

वरची आळी म्हणजे देवळामागचा चढ. तिथं आता क्लासची इमारत आहे, खाली झेरॉक्सचं दुकान. मुलं सायकली लावून आत पळत होती. मी कठड्याला टेकून उभी राहिले. तुम्ही लग्न होऊन आलात त्या वर्षापासून भाजीची पिशवी घेऊन तिथूनच ये-जा केलीत. कधी काही जाणवलं का तुम्हाला? मला वाटतं, नसेल. जमीन काही बोलत नाही. पण तुम्ही एकदा म्हणाला होतात, नवी नवरी असताना ह्या गावात कधी वाट चुकले न्हाय. मी ते तुमच्या फुशारकीत जमा केलं होतं.

रात्रीच्या जेवणाला संजयला सांगितलं. तुमचा मुलगा, तुम्हाला माहीतच आहे, कशानं हलत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि वरणभात कालवत म्हणाला, "पुरावा काय?"

पुरावा नाही, आई. एक ओवी, एक उतार, आणि तान्हूबाईंच्या सासूचं बोलणं. तुमच्या आजीनं का सांगितलं नाही, तेही मला ठाऊक नाही. रीत होती. कदाचित तिला वाटलं असेल, नाव काढलं तर दृष्ट लागेल. कदाचित सांगायला गेली आणि शब्द फुटला नाही, चाकाला हात लावून उभी राहिली.

थोड्या वेळानं संजयनं ताट बाजूला सारलं. म्हणाला, "तिला दुसरी दोन स्थळं मोडून कोथरूडच का हवं होतं, याला दुसरं कारण तरी काय असणार?" आणि हात धुवायला उठला तो बराच वेळ बेसिनपाशीच उभा होता.

तुम्हाला हे ऐकायला हवं होतं, आई. महिनाभर आधी मी नकाशा फिरवला असता, तान्हूबाईंना आपण एकदा तरी विचारलं असतं, तर हे मी तुमच्या कानाशी मोठ्यानं सांगितलं असतं, पाटी असो वा नसो. आता लिहून सांगते. तुम्हाला लांब टाकलं नव्हतं. ज्या गावात तिला कुणी येऊ दिलं नाही, तिथं तिनं तिची सगळ्यांत लाडकी पोर नांदायला पाठवली. तुम्ही तिच्या घरी होतात.